यल्लव्वाची टाकी

भुईंजला आमच्या दारात
ती सावली सोडून उन्हात बसते.
तिरप्या उन्हात दगड खोटं बोलत न्हाई, म्हणते.
यल्लव्वा धोत्रे. छिन्नी, हातोडी, दोऱ्यानं बांधलेला चष्मा,
एका पाट्याचे पन्नास रुपये.
मिक्सर आहे घरात.
तरी दर दिवाळीआधी आम्ही पाटा टाकवून घेतो,
कारण ती ठोकायला लागली की बोलायला लागते.

"चंदनच्या पोटात येक राज्य हाय," ठक्,
"आन् वंदनच्या पोटात दुसरं." ठक् ठक्.
"मानसं गुडघ्याएवढी. दाढ्या मातूर जमिनीवर लोळत्यात,
चालताना खांद्यावर टाकत्यात, उपरण्यावानी."

दोन गडांमधल्या खिंडीतून ती बेलमाचीकडे निघालेली.
कातळात दार उघडलं, चुलीच्या तोंडाएवढं.
आतून हात आला, हातात काजव्यांची पिशवी.
टाकीवाली का? राजानं बोलावलंय.
ती रांगत गेली. आत उभी राहिली,
आणि छत दिसेना.
एवढाली तुमी मानसं, एवढं उंच कुनासाठी खोदलंसा?
हाळीसाठी, तो म्हणाला. हाळीला जागा लागती.

ऐरणी होत्या. गार पाण्याची टाकी होती.
भिंतीत तांब्याच्या शिरा, गाईच्या कासेवरच्या असाव्यात तशा.
आणि मधोमध चौथऱ्यावर जात्याची तळी,
बैलगाडीच्या चाकाएवढी, खुंट्यासकट.
फक्त वरची.

"खालची कुठाय, इचारलं.
समदी ऐरनीवानी गप."
मग राजा दाढीची गाठ सोडत, परत बांधत म्हणाला,
भावाकडं. वंदनात. वाटणी झाली.
कधी?
तीनशे पावसाळे झाले.
मग खाता काय?
जोंधळा. भिजवून. अख्खा.
तो हसला तेव्हा तिनं पाहिलं,
दात कृष्णेतल्या गोट्यांसारखे गुळगुळीत.

तिनं तळीवरून हात फिरवला.
पहिल्या दिवशी मारलेली टाकी तशीच, धारदार.
"दगुड घासला तर झिजतो. झिजला तर टाकी.
ह्यो घासलाच न्हाई, म्या काय करू?"
तू तुझं काम कर, राजा म्हणाला. मजुरी घे.

तिनं केलं.
बाहेर पडली, शंभर पावलं गेली,
आणि वंदनच्या कातळात दार उघडलं.
तोच हात, तीच पिशवी, तशीच दाढी,
चौथऱ्यावर खालची तळी, मधली खीळ गंजलेली.
वरची? भावाकडं. वाटणी झाली.
इथंही जोंधळा भिजत घातलेला, त्याच वासाचा.

इथं यल्लव्वा थांबते. पाट्यावरची भुकटी फुंकते.
माझी मुलगी विचारते, मग तू त्यांना सांगितलंस का?
"कुनाच्या भावकीत कोन पडतंय, बाई."
ठक्.
"पन माप येकच धरलं.
ह्या अंगठ्यापास्न ह्या बोटापातुर. दोनीकडं.
खाचंला खाच अशी बसंल,
का पयल्या फेऱ्याला पीठ."

मजुरी म्हणून चंदनच्या राजानं दिला
कधीच न झिजणारा पाटा.
तो तिनं खिंडीतच ठेवला, पालथा.
"माज्याच पोटावर पाय? दिलेला असूंदे राजानं."
वंदनचा जोंधळा मात्र पदरात बांधून आणला,
आणि दळूनच खाल्ला.

हायवेवरून ट्रक जातात, घरं किंचित थरथरतात.
मुलगी कान टवकारते. फिरलं का जातं?
यल्लव्वा पाट्याला कान लावते. खराच लावते.

"अजून न्हाई," म्हणते, पन्नासची नोट कमरेला खोचत,
"पन अख्ख्या जोंधळ्याला
दात किती दिस पुरत्यात?"